नाश्त्यापुरता मालक

लेओन शहराच्या कोएसियो वस्तीत हेलिओदोरो सेर्मेन्योचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. पहिली, त्याच्या कारखान्यात कापलेला बुटाचा तळ घालणाऱ्याच्या मरणापर्यंत टिकतो. दुसरी, पुएर्तो वायार्ताच्या समुद्रकाठच्या एकूण एक बड्या हॉटेलात हा माणूस पोटभर जेवलाय आणि त्यातल्या एकातही कधी राहिलेला नाही. पहिली गोष्ट तो स्वतःच सांगत सुटतो, तेव्हा ती तपासून घ्यावी. दुसरी मात्र शंभर टक्के खरी.

त्याचं असं आहे. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा लागला की लेओनमधले जोड्यांचे कारखाने बंद होतात आणि अख्खं गाव समुद्राकडे धावतं. वायार्ताला किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांतली गोड बोलणारी पोरंपोरी छत्र्यांखाली टपलेली असतात. "नवरा-बायको का? कुठले? लेओनचे! वा! उद्या सकाळी आमच्याकडे नाश्त्याला या. फुकट. वर एक भेटही मिळेल." नाश्ता झाला की एक कोटवाला तुमच्या शेजारी येऊन बसतो आणि टाइमशेअर विकतो. म्हणजे समुद्राकडे तोंड केलेल्या इमारतीतलं एक घर, आणि त्या घरातला वर्षाचा एक आठवडा तुमच्या मालकीचा. उरलेल्या आठवड्यांचे मालक दुसरे. एका गाईला बावन्न धनी, आणि चारा मात्र प्रत्येकाने वर्षभर घालायचा.

आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा. हेलिओ आवळा तेवढा खाऊन यायचा आणि कोहळ्याला हात लावू द्यायचा नाही.

त्याची युक्ती अगदी साधी होती. टाइमशेअर घ्यायला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, एकट्याची चालत नाही. हेलिओ शेवटपर्यंत मान डोलवायचा, "वा, वा" करायचा, नमुन्याच्या घरातल्या गाद्या दाबून बघायचा. कोटवाला पेन काढायला लागला की तो डोक्यावरची गवती टोपी काढून टेबलावर ठेवायचा. ही खूण. टोपी टेबलावर टेकली की त्याची बायको म्हणायची, "नाही." बस्स, एवढंच तिचं काम.

"आता काय करणार?" हेलिओ सुस्कारा सोडायचा. "माझी फार इच्छा होती हो. पण आमच्या घरात हिच्यापुढे कुणाचं चालत नाही." कोटवाले त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या धंद्यातल्या लोकांनी त्याच्या बायकोचं नाव 'नाहीवाली बाई' असं पाडलं होतं, आणि बिचाऱ्या डॉन हेलिओबद्दल, म्हणजे हेलिओसाहेबांबद्दल, ते आपसात हळहळायचे. ती हळहळ हेलिओला नाश्त्याइतकीच रुचायची. मग भेटीची घोंगडी नाहीतर टकीलाची बाटली काखेत मारून तो बाहेर पडायचा, दाराबाहेर टोपी पुन्हा डोक्यावर चढवायचा, आणि लेओनला परतल्यावर महिनाभर हा पराक्रम वस्तीत मीठमसाला लावून सांगायचा.

या नाहीवाल्या बाईचं खरं नाव रेफूखिओ, पण सगळ्यांची ती कूका. जन्मभर तिने घरच्या यंत्रावर बुटांचे वरचे भाग शिवले, तीन मुलगे वाढवले, त्यांची लग्नं लावली. घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, हे ऐकून ती कधी हसली नाही आणि कधी रागावलीही नाही. कोएसियोत तिच्या हातच्या स्वयंपाकाची ख्याती मोठी. पण कूका एखादं जेवण पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसून जेवली आहे, असं तिच्या सख्ख्या मुलांनाही आठवत नाही. ती आपली शेगडीपाशी उभी, तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, उलटत. टेबलावरून सगळे तोंडात घास घेऊन तिला ओरडायचे, "बस ना कूका, गार होतंय तुझं!" ती ताट घेऊन टेकते न टेकते तोच कुणाला तरी मीठ कमी वाटायचं. ती उठायची. मग हेलिओ म्हणायचा, "आणि उठलीच आहेस तर दोन तोर्तिया घेऊन ये." म्हणताना त्याच्या आवाजात प्रेम असायचं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

सुट्टीतही यात खंड नव्हता. हेलिओचं हॉटेल किनाऱ्यापासून पाच गल्ल्या आत. चौघांची खोली घ्यायची आणि चौदा जणांनी राहायचं, ही आमच्याकडची रीत. आई-बाप, मुलगे, सुना, नातवंडं, शिवाय एखादी विधवा मावशी. पोरांना मागच्या जिन्याने चढवताना हेलिओ समोर मॅनेजरला गरम पाण्याबद्दल लांबलचक प्रश्न विचारत उभा राहायचा. मॅनेजरलाही सगळं ठाऊक असायचं. तो उत्तरं लांबवायचा, कारण त्यालाही पवित्र आठवड्यात खोल्या भरायच्याच असतात. आणि हॉटेलात जेवायचं म्हणजे पैसे पडतात, म्हणून पोहण्याच्या कपड्यांखाली टॉवेलात गुंडाळून विजेची शेगडी यायची. ती मांडायची बाथरूममध्ये, कारण वास ओढून घेणारा पंखा तिथेच. कूका संडासाच्या झाकणावर बसून राजमा ढवळायची. बाहेर पलंगावर पाय पसरून हेलिओ म्हणायचा, "याला म्हणतात सुट्टी!"

गेल्या वर्षी या सुखाला दृष्ट लागली. मंगळवारी दुपारी आत राजमा उकळत होता, पंखा चालू होता, आणि धाकट्या सुनेने त्याच बाथरूममध्ये केस वाळवायचं यंत्र लावलं. फट्कन आवाज झाला आणि सगळ्या मजल्याची वीज गेली. खोल्याखोल्यांतून उकडलेली माणसं बाहेर आली. त्यांच्यामागून मॅनेजर आला. दारात उभं राहून त्याने एकदाच नाक वर केलं.

"राजमा," तो म्हणाला.

"कुठला राजमा? छे, छे," हेलिओ म्हणाला, आणि त्याच वेळी कपाटात लपवलेल्या नातवाला शिंक आली.

मॅनेजरने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, बाल्कनीतल्या पडद्यामागची मावशी मोजली. शेगडी जप्त झाली. ती हातात धरून, वायर जमिनीवर फरफटवत, तो खालच्या दिवाणखान्यातून चालत गेला. तिथे लेओनचीच चार कुटुंबं लिंबूपाणी पीत बसली होती. त्यातल्या एकाचा टाचांचा कारखाना होता आणि हेलिओशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "काय डॉन हेलिओ," तो म्हणाला, "तळ कापता कापता आता हॉटेलांचे फ्यूजही कापायला लागलात?" मॅनेजर वळून म्हणाला, "शेगडी निघायच्या दिवशी मिळेल. आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा." लोक हसले. हेलिओने टोपी डोळ्यांवर ओढली.

ज्याचं जळतं त्याला कळतं. इतकी वर्षं ज्या घरांना तो हसत आला होता, ती त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर खरी उभी राहिली. स्वतःच्या मालकीचं दार. त्या दारात कुणी नाक वर करून उभा राहणार नाही. हॉटेलात काय, पैसे देऊन चोरासारखं राहायचं! आणि पैसे दिलेले काही परत येत नाहीत. तेच पैसे मालकीत घातले तर निदान भिंत तरी आपली. दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचं आमंत्रण त्याच्या खिशात होतंच. कूकाला तो काही बोलला नाही. तिला तिथेच आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं त्याने ठरवलं.

सकाळी दोघं गेली. जेवणघर समुद्रावर उघडं होतं. कूकाने चिलाकिलेस, म्हणजे हिरव्या मिरचीच्या रश्शात भिजवलेले तळलेल्या तोर्तियाचे तुकडे, घेतले, त्यावर अंडं, मग पपई, मग गोड पाव आणि दाट चॉकलेट. नेहमीसारखीच ती सावकाश, न बोलता खात होती. शेजारी फाब्रिसिओ नावाचा तरुण कोटवाला येऊन बसला. हेलिओने माणसाचं तोंड बघायच्या आधी पाय बघायचे, हा त्याचा धर्म. त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. बुटाच्या तळावर छोटी घंटा कोरलेली होती. ती सेर्मेन्यो कारखान्याची निशाणी.

"तुमच्याच तळांवर उभा आहे मी, डॉन हेलिओ," फाब्रिसिओ म्हणाला. "दिवसभर चालतो. पण थकवा म्हणून नाही."

आता बाकीचं जग म्हणेल, बुटावरून माणूस ओळखतात होय? आमच्या लेओनमध्ये ओळखतात, आणि तसेच फसतात. फाब्रिसिओ चालायला लागला तेव्हा त्याची टाच दर पावलाला बुटातून बाहेर येत होती. जोडा त्याच्या मापाचा नव्हताच. पवित्र आठवड्यात लेओनची गिऱ्हाईकं येतात म्हणून कचेरीत असा एक जोडा राखून ठेवला असेल, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. हेलिओला ती टाच दिसली. पण त्याने स्वतःशी ठरवलं की बिचारा कामाने पावलांपर्यंत वाळला आहे.

नमुन्याच्या घरात शिरताच फाब्रिसिओने त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. चार शेगड्यांची चूल, खाली भट्टी, वर पंखा, आणि ओट्यासमोर एवढी मोठी खिडकी की सगळा समुद्र त्यात मावत होता.

"म्हातारे, बघ!" हेलिओ ओट्यावरून हात फिरवत म्हणाला. आमच्याकडे लाडक्या बायकोला म्हातारेच म्हणतात. "चार शेगड्या! उपासाच्या शुक्रवारी मांस नसतं, तर सुक्या कोळंबीचे वडे एकीवर, राजमा दुसरीवर, भात तिसरीवर, आणि चौथीवर तोर्तिया. सगळं एकदम! आणि समोर समुद्र!"

कूकाने भट्टीचं दार उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"झोपायला किती माणसं?" हेलिओने विचारलं.

"सहा."

"आणि लहान पोरं धरली नाहीत तर?"

"डॉन हेलिओ," फाब्रिसिओ छातीवर हात ठेवून म्हणाला, "स्वतःच्या घरात कुणी माणसं मोजतं का?"

दरवर्षी हेलिओचा एक ठेवणीतला प्रश्न असायचा. त्या प्रश्नाने भलेभले कोटवाले घाम पुसायला लागायचे. राहा किंवा राहू नका, देखभालीचा खर्च दरवर्षी भरायचा, आणि तो दरवर्षी वाढणार, हे खरं की खोटं? त्या दिवशी त्याने तो प्रश्न विचारलाच नाही. त्याला ऐकायचं होतं तेवढंच त्याने ऐकलं. हॉटेलाची खोली म्हणजे समुद्रात ओतलेलं पाणी. मालकी म्हणजे नातवंडांसाठी ठेवलेली विहीर. फाब्रिसिओ असं काही सुरेख बोलत होता की समुद्रात ओतलेल्या पाण्याबरोबर आपलीही बुद्धी वाहत चालली आहे, हे हेलिओच्या ध्यानातही आलं नाही.

टेबलावर कागद आले. फाब्रिसिओने पेन कूकापुढे धरलं. "आधी डोन्या कूका. घराच्या राणीचा मान पहिला."

हेलिओने दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर घट्ट दाबून धरली. चुकूनसुद्धा ती टेबलाकडे जाऊ नये, म्हणून.

कूकाने रुमालाने ओठ पुसले. "नाही," ती म्हणाली.

फाब्रिसिओ हेलिओकडे पाहून समजूतदारपणे हसला. नाहीवाल्या बाईची कीर्ती त्याच्याही कानावर होती. हेलिओ मात्र तिच्याकडे झुकला. "म्हातारे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "टोपी. टोपी डोक्यावर आहे अजून."

"दिसतेय."

"मग?"

"मग नाही."

"अगं, आज खरंच घ्यायचंय!"

"तुला घ्यायचंय," कूका म्हणाली. मग ती फाब्रिसिओकडे वळली. इतक्या वर्षांत ती एखाद्या कोटवाल्याशी एका शब्दापलीकडे पहिल्यांदाच बोलत होती. "पोरा, या घरात स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्हीच की, डोन्या कूका! अगदी घरच्यासारखं!"

"घरच्यासारखं मला घरी आहे."

आता त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे फाब्रिसिओचा साहेब आला आणि त्याने किंमत कमी केली. मग साहेबाचा साहेब आला आणि त्याने आणखी कमी केली. तासाभरापूर्वी ज्या समुद्राला सोन्याचा भाव होता, तो बाजार उठताना कोथिंबीर विकतात तसा विकायला निघाला. तरी कूकाचं उत्तर तेच. हेलिओला राग आला. इतक्या लोकांसमोर बायकोने आपल्याला खरोखरच नाही म्हणावं! गेली वीस वर्षं तो जे खोटं सांगत आला होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत खरं होऊन बसलं होतं, आणि आता कुणाची हळहळ त्याला नको होती.

"वीस वर्षं," तो म्हणाला, "वीस वर्षं मी टोपी ठेवली की तू नाही म्हणत आलीस. एकदा नाही ठेवली, तर गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"वीस वर्षं मी इथं कशाला आले, हेलिओ?"

"भेटींसाठी. आणखी कशाला?"

"भेटींसाठी!" कूका म्हणाली. "त्या घोंगड्या कपाटात सडतायत. मी नाश्त्याला आले. वर्षातून एकदा दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, गरम गरम, माझ्यासमोर येतं आणि मी ते बसून खाते. मी उठायला लागले की हा कोटवाला घाबरतो. 'बसा, बसा, काय हवं ते मी मागवतो,' म्हणतो. जन्मात मला एवढं कुणी 'बसा' म्हटलेलं नाही. त्याला माझी सही हवी असते, ठाऊक आहे मला. पण बसा म्हणतो ना! उद्या आपण मालक झालो, की मालकाला कोण नाश्ता घालतं? वर चार शेगड्या माझ्या नावावर. तुझ्या बाथरूममध्ये निदान एकच होती."

फाब्रिसिओने पेन खिशात ठेवलं. हेलिओला खिडकीबाहेरचा समुद्र दिसत होता, आणि त्या खिडकीसमोर पाठमोरी उभी असलेली कूकाही दिसत होती, मघाशी त्यानेच कल्पनेत उभी केलेली. चारही शेगड्या पेटलेल्या, आणि मागे टेबलाशी तो आणि त्याचं सगळं गणगोत. मघाशी ते चित्र किती सुंदर वाटलं होतं! आता त्याला त्या चित्राची लाज वाटली. राग गेला नव्हता, पण त्याच्या खाली ही लाज होतीच. त्याने हळूच टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. उशिरा का होईना, पण रीतीला धरून.

त्या वर्षीची भेट म्हणजे मनगटाला बांधायचे दोन कागदी पट्टे. पट्टा बांधला की त्या हॉटेलात दिवसभर हवं ते खा, हवं ते प्या, हवं तिथे बसा. हेलिओ सवयीने विचारत होता, "याच्या बदल्यात दुसरं काही मिळेल का? एखादी बर्फ ठेवायची पेटी वगैरे..." तोवर कूकाने मनगट पुढे केलं. "बांध," ती पट्टे बांधणाऱ्या मुलीला म्हणाली. मग हेलिओनेही आपलं मनगट पुढे केलं.

दुपारी दोघं किनाऱ्यावरच्या मांडवाखाली टेबलाशी बसली. हेलिओचा फोन वाजला. थोरला मुलगा नोए होता. "पापा, आहात कुठे? पोरं भुकेली झालीत. आई कधी येतेय?"

हेलिओने फोन कूकापुढे धरला.

"नोए," ती म्हणाली, "शेगडी मॅनेजरकडे आहे. राजमा पिशवीत आहे. बायका तिथे आहेत, तुम्ही तिघं भाऊ तिथे आहात, आणि देवाने सगळ्यांना हात दिलेत."

"पण आई, मॅनेजर शेगडी देत नाही ना!"

"मग बाहेर जेवा," असं म्हणून कूकाने फोन हेलिओला परत दिला. तो त्याने बंद करून खिशात टाकला. पोरांच्या जेवणाचे पैसे आता कुणाच्या खिशातून जाणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो गिळला. त्या माणसाच्या बाबतीत हा मोठाच त्याग म्हणायचा.

वेटरने राजमा, भात, भाजलेला मासा आणि फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया आणून ठेवल्या. कूकाने राजमा चाखला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

हेलिओ तोर्तियाचा तुकडा हातात धरून थांबला. मीठ कमी असलं की काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं: कूका उठते. तो थोडा वेळ वाट पाहत राहिला. कूका समुद्राकडे पाहत चघळत होती. शेवटी हेलिओ उठला. मीठ कुठे ठेवलेलं असतं, हे त्याला जन्मात कधी शोधावं लागलं नव्हतं. या टेबलावर बघ, त्या टेबलावर बघ, एका अनोळखी कुटुंबाला विचार, असं करत करत तो मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला, आणि मिठाची डबी दोन्ही हातांत धरून परत आला. तोवर कूकाने अर्धी ताटली अळणीच संपवली होती.

"बस ना हेलिओ," ती तोंडातला घास चावता चावताच म्हणाली, "गार होतंय तुझं."

तो खुर्ची ओढून टेकतो न टेकतो तोच तिने फडकं चाचपून पाहिलं. ते रिकामं होतं.

"आणि उठलाच आहेस तर," कूका म्हणाली, "दोन तोर्तिया घेऊन ये."